चौघांचा पाठलाग : सायकल-शर्यतीतील हवा, वेग आणि वळण

बंगळूर शहराच्या उत्तर भागात हेब्बाळचे तळे आहे. त्याच्या जवळून बळ्ळारीचा हमरस्ता निघतो आणि विमानतळाच्या बाजूने नंदी डोंगराच्या दिशेने जातो. सुटीच्या दिवशी, रहदारी वाढण्यापूर्वी, या रस्त्यावर सायकलस्वारांची पथके दिसतात. डोंगरापर्यंतची वाट लांबची असते; म्हणून जाणते स्वार शेजारी शेजारी न चालता एकामागे एक अशी रांग धरतात. काही वेळ गेला की सर्वांत पुढचा स्वार बाजूला सरतो, इतरांना पुढे जाऊ देतो आणि रांगेच्या शेवटी जाऊन मिळतो. मग त्याची जागा दुसरा घेतो. नवख्या माणसाला हा शिष्टाचाराचा काही प्रकार वाटतो. वस्तुतः त्याच्या मागे पदार्थविज्ञानातील एक साधा परंतु कठोर नियम आहे. आणि ऑलिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतील एक अत्यंत वेगवान शर्यत याच नियमावर उभी आहे. तिला सांघिक पाठलाग-शर्यत असे म्हणतात.

या शर्यतीत प्रत्येक संघात चार स्वार असतात. धावमार्ग बंदिस्त असून दोन सरळ बाजू व दोन अर्धवर्तुळाकार वळणे मिळून तो बनलेला असतो. मोठ्या स्पर्धांत त्याची एक फेरी २५० मीटरांची असते. पुरुषांना ४ किलोमीटर, म्हणजे १६ फेऱ्या, पुऱ्या करावयाच्या असतात. एका वेळी दोन संघ धावतात. एक संघ एका सरळ बाजूच्या मध्यावरून निघतो व दुसरा समोरच्या बाजूच्या मध्यावरून. म्हणजे आरंभी दोघांत बरोबर अर्ध्या फेरीचे अंतर असते आणि प्रत्येक संघ दुसऱ्याच्या पाठीस लागलेला असतो. एकाने दुसऱ्यास गाठले तर निकाल तेथेच लागतो. तसे न झाल्यास ज्याची वेळ कमी तो संघ विजयी होतो. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वेळ मोजतात ती संघातील पहिल्या स्वाराची नव्हे, तर तिसऱ्याच्या पुढील चाकाची. चौथा मागे पडला तरी चालते. तिसरा मागे पडून चालत नाही. या एका कलमातून शर्यतीचे सारे डावपेच निर्माण होतात.

ऑलिंपिकमध्ये ही शर्यत प्रथम १९०८ साली लंडन येथे झाली आणि १९२० पासून ती अखंड चालू आहे. पॅरिस येथे २०२४ साली ऑस्ट्रेलियाच्या चौघांनी इटलीविरुद्धच्या पहिल्या फेरीत ३ मिनिटे ४०.७३ सेकंद अशी वेळ नोंदवून तोपर्यंतचा जागतिक उच्चांक मोडला. या वेळेचा भागाकार करून पाहिला तर सरासरी वेग सेकंदाला १८ मीटरांहून किंचित अधिक, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर, असा येतो. आणि ही सरासरी थांबलेल्या स्थितीतून सुरुवात करून आलेली आहे, हे विसरता कामा नये.

हवेची किंमत

सपाट जमिनीवर सायकल चालविणाऱ्यास तीन गोष्टी अडवितात : चाके व जमीन यांतील लोटण-घर्षण, साखळी व धारव्यांतील घर्षण, आणि हवा. सावकाश जाताना पहिल्या दोहोंचा वाटा जाणवण्याइतका असतो. वेग वाढू लागला की हवा बाकी सर्वांना मागे टाकते. कारण असे की, हवेच्या रोधाची प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि तो रोध जिंकण्यासाठी दर सेकंदास जे कार्य करावे लागते, ज्यास शक्ती म्हणतात, ते वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करावयाचा असेल तर शक्ती दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, आठपट लागते.

हेब्बाळच्या रस्त्यावरील एक साधा स्वार घ्यावा. तो सरळ बसून ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, या वेगाने कामावर चालला आहे. हवेला दूर सारण्यासाठी त्याला ढोबळमानाने ३३ वॉट शक्ती खर्चावी लागते. घरातील एका लहान दिव्याला पुरेल इतकी. त्याच बैठकीत त्याने वेग दुप्पट केला, तर हा आकडा सुमारे २६५ वॉटवर जाईल, आणि धडधाकट तरुणालाही तो फार वेळ पेलणार नाही. धावमार्गावरचा स्वार शरीर वाकवून, कोपर आत घेऊन, डोके खांद्यांच्या मधोमध खाली आणून आपला हवेपुढील विस्तार निम्म्याहून कमी करतो. तरीही सेकंदाला १८ मीटर या वेगाला त्यास केवळ हवेसाठी सुमारे ६७० वॉट द्यावे लागतात. जवळजवळ एका अश्वशक्तीचा हा खर्च आहे आणि तो दोन मांड्यांतून निघावयाचा आहे.

हा रोध मुळात येतो कोठून? हवा स्वाराच्या अंगावर आदळते एवढेच त्याचे कारण नाही. हवेचा जो थर पृष्ठभागाला चिकटून जातो तो घर्षणामुळे मंदावतो. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली या पातळ थराकडे विद्वानांचे लक्ष वेधले आणि त्यास सीमास्तर ही संज्ञा मिळाली. हात, पाय, धड यांसारख्या गोल वस्तूंच्या मागच्या अंगास हा मंदावलेला थर पृष्ठभाग सोडून देतो. तेथे भोवरे उठतात आणि दाब कमी होतो. पुढे दाब जास्त व मागे कमी, यामुळे वस्तू जणू मागे ओढली जाते. सायकलस्वाराला जी ओढ लागते तिचा फार मोठा भाग हा असा असतो.

प्रांट्ल यांच्या हाताखाली गॉटिंगेन येथे शिकून डॉक्टर झालेले एक मराठी शास्त्रज्ञ बंगळुरास येऊन स्थायिक झाले, ही गोष्ट पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. कोल्हापूर भागातून आलेले डॉ. विष्णु माधव घाटगे हे ते गृहस्थ. १९४० च्या सुमारास ते हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात आले. भारतीय विज्ञान संस्थेत, जी हेब्बाळपासून फारशी दूर नाही, त्यांनी वायुयानविद्या शिकविली. आणि त्यांच्या देखरेखीखाली आखलेले ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली आकाशात उडाले. विमानाच्या पंखाभोवतीची हवा व सायकलस्वाराच्या दंडाभोवतीची हवा यांस एकच गणित लागू पडते. म्हणून आज ज्या देशांना ही शर्यत जिंकावयाची असते ते आपले स्वार वातविवरात, म्हणजे विमानाच्या प्रतिकृती तपासण्याच्या बोगद्यात, सायकलसह बसवितात व रोध मोजतात.

प्रांट्ल यांनी १९१४ साली एक चमत्कारिक प्रयोग केला होता. गुळगुळीत चेंडूच्या पुढच्या भागावर त्यांनी बारीक तारेचे एक कडे चढविले. रोध वाढेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. तो उलट कमी झाला. तारेमुळे सीमास्तर खळबळला, बाहेरच्या वेगवान हवेशी मिसळला, त्यात नवा जोर आला आणि तो पृष्ठभागाला अधिक काळ चिकटून राहिला. त्यामुळे मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद झाला. शंभराहून अधिक वर्षांनी, टोकियो ऑलिंपिकच्या शर्यतीत (त्या स्पर्धा २०२१ मध्ये भरल्या) डेन्मार्कचे स्वार नडगीवर चिकटपट्ट्या लावून उतरले, तेव्हा इतर संघांनी हरकत घेतली. दुखापतीवर लावतात तशा पट्ट्यांवरून एवढा वाद का, असे प्रेक्षकांस वाटले असेल. ज्यांना प्रांट्ल यांची तार माहीत होती त्यांना प्रश्न पडला नाही. पुढील फेरीत त्या पट्ट्या दिसल्या नाहीत. दंडावर व खांद्यावर मुद्दाम रेघा विणलेले कपडे मात्र आता सर्वच संघ वापरतात.

पाठीमागचा आडोसा

आता रांगेचा अर्थ उलगडतो. पहिल्या स्वाराच्या मागे जो मंदावलेल्या, भोवऱ्यांनी भरलेल्या हवेचा पट्टा राहतो, त्यात दुसरा स्वार शिरतो. तेथील हवा पहिल्याच्या बरोबर काहीशी ओढली जात असल्यामुळे दुसऱ्यास समोरून येणारा वारा कमी लागतो. स्वारांच्या सायकलींवर शक्तिमापक बसवून केलेल्या मोजणीवरून असे दिसून आले आहे की, पहिल्यास १०० भाग शक्ती लागत असेल तर दुसऱ्यास सुमारे ७०, आणि तिसऱ्या व चौथ्यास सुमारे ६४ भाग लागते. आश्चर्याची गोष्ट अशी की, पहिल्या स्वारासही मागच्यांचा थोडा उपयोग होतो. मागचा स्वार जवळ असला की पुढच्याच्या पाठीशी निर्माण होणारा कमी दाब काहीसा भरून निघतो. हा लाभ शेकडा दोन-तीन एवढाच आहे. पण ज्या शर्यतीत सुवर्ण आणि रौप्य यांत सेकंदाचा सहावा भाग एवढे अंतर पडू शकते (टोकियोत इटली व डेन्मार्क यांत ते तितकेच होते), तेथे तो कोणी सोडीत नाही.

वरील प्रमाण घेऊन हिशेब केल्यास पहिल्यास ६७० वॉट, दुसऱ्यास ४७० व शेवटच्या दोघांस ४३० वॉट लागतील. चौघांनी पाळी समान वाटून घेतली तर प्रत्येकावर सरासरी ५०० वॉटचा भार येतो. तोच स्वार एकटा ५०० वॉटने चालला असता तर त्याचा वेग सेकंदाला सव्वासोळा मीटरांच्या जवळपास राहिला असता आणि ४ किलोमीटरला सुमारे ४ मिनिटे ५ सेकंद लागली असती. हा हिशेब कागदी नाही. एकट्याने धावावयाच्या ४ किलोमीटर पाठलाग-शर्यतीत ४ मिनिटांची मर्यादा प्रथम ओलांडली ती अमेरिकेच्या अॅश्टन लॅम्बी याने २०२१ साली. आणि तीही सेकंदाच्या अगदी अल्पांशाने. संघ मात्र त्याच अंतरास त्याहून १९ सेकंद कमी घेतो. ही १९ सेकंदे कोणाच्याही स्नायूंतून आलेली नाहीत.

आडोशाचा पुरा लाभ मिळावा म्हणून मागचा स्वार आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागल्या चाकापासून वीतभर किंवा त्याहूनही कमी अंतरावर ठेवतो. सेकंदाला १८ मीटर या वेगाला २० सेंटिमीटर अंतर सेकंदाच्या नव्वदाव्या भागात कापले जाते. मनुष्याचे डोळे व मेंदू इतक्या वेळात काहीच करू शकत नाहीत. म्हणून पुढचा एकदम मंदावला तर मागच्याने सावरणे ही गोष्टच संभवत नाही. पुढच्याने एकदम मंदावू नये, एवढाच उपाय उरतो. सायकलीला ब्रेक नसतात याचे कारणही हेच आहे. शिवाय मागच्या चाकात फ्रीव्हील नसते. चाक फिरते तोवर पेडल फिरतच राहते. पाय थांबविण्याची सोय नाही. पुढच्या चक्राला ६० व मागच्याला १५ दाते असले तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक चार वेळा फिरते व सायकल सुमारे ८.४ मीटर पुढे जाते. याचा अर्थ, या वेगाला पाय मिनिटास १२८ वेळा फिरत असतात. चौघांचे पाय जवळजवळ एका तालात फिरताना दिसतात. त्यात देखाव्याचा भाग नसून सर्वांची दातेसंख्या बहुधा सारखी असते, एवढेच त्याचे कारण आहे.

वळणावरील अदलाबदल

प्रथमच पाहणारा मनुष्य धावमार्गाची वळणे पाहून चकित होतो. ती कढईच्या कडेसारखी उभी असतात. २५० मीटरांच्या मार्गावर त्यांचा कल ४२ ते ४५ अंश असतो. सरळ भागातही तो १२ अंशांच्या आसपास असतो. पायी चालणाऱ्यास या वळणावर उभे राहणे कठीण.

वळणाची त्रिज्या २५ मीटर धरली आणि वेग सेकंदाला १८ मीटर, तर स्वारास आत वळविण्यासाठी लागणारी केंद्रगामी प्रेरणा त्याच्या वजनाच्या सव्वापटीहून अधिक, सुमारे १.३ पट, भरते. ही प्रेरणा कोठून तरी मिळाली पाहिजे. सपाट जमिनीवर ती टायरच्या घर्षणातूनच मिळवावी लागली असती आणि टायर घसरला असता. मार्ग कलता केला की त्याचा लंबदिशेतील दाबच आतल्या बाजूस वळतो व बरेचसे काम करतो. गणिताने स्वाराचा झुकाव ५३ अंश येतो. त्यांपैकी ४३ अंश मार्ग देतो आणि उरलेले दहा टायर देतात. उलट, अगदी सावकाश जाणारा स्वार या उतारावरून खाली घसरण्याचा संभव असतो. म्हणजे ही अशी जागा आहे की जेथे वेग कमी करणे हेच धोक्याचे आहे.

अदलाबदल या वळणावरच करतात आणि तिची रचना मोठी बुद्धीची आहे. समजा, पहिला स्वार आपली पाळी संपताच उतारावरून सुमारे २ मीटर वर चढला. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. तो वळणाच्या मध्यापासून जवळजवळ दीड मीटर दूर गेल्याने त्याचे अर्धवर्तुळ मोठे होते; अर्ध्या वळणात नव्हे, तर पूर्ण वळणात त्याला साडेचार मीटर अधिक अंतर तोडावे लागते. दुसरे असे की, तो सुमारे १.३५ मीटर उंच चढल्यामुळे त्याच्या गतिज ऊर्जेचा काही भाग स्थितिज ऊर्जेत रूपांतरित होतो व वेग सेकंदाला पाऊण मीटरने उतरतो. वळण पार करण्यास चार-सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्यात या कारणाने तो आणखी सुमारे दोन मीटर मागे पडतो. दोन्ही मिळून साडेसहा मीटर झाले. तीन सायकलींची रांग साधारण तेवढीच लांब असते. इतक्यात खालून तिघे निघून गेलेले असतात. मग तो उतारावरून खाली येतो. उंचीत साठविलेली ऊर्जा वेगाच्या रूपाने त्याला परत मिळते आणि तो चौथ्याच्या चाकामागे जाऊन चिकटतो. ब्रेक लावून वेग घालविला असता तर ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने नष्ट झाली असती व पुन्हा पायांनी निर्माण करावी लागली असती. येथे टेकडी पेढीचे काम करते : ठेव ठेवावी व चार सेकंदांनी काढून घ्यावी.

अर्थात हे सारे साधले तर. स्वार अर्धा मीटर जास्त वर गेला तर खाली येताना रांग निसटलेली असते, आणि मधले अंतर भरून काढण्यासाठी त्याला आडोशाविना, थकलेल्या पायांनी धावावे लागते. कमी वर गेला तर चौथ्याच्या चाकावर त्याचे चाक आदळते. प्रत्येक पाळी एक-दीड फेरीची असते, म्हणजे एका शर्यतीत अशा अदलाबदली दहा किंवा त्यांहून अधिक होतात. त्यांत प्रत्येकी सेकंदाचा दहावा भाग गमावला तरी शेवटी एक सेकंद होतो.

तिसरे चाक

तिसऱ्या स्वाराचे कलम वर सांगितले आहे. त्याचा एक परिणाम असा की, चौघांतील एकास राखीव ठेवण्याचे कारण नसते. बहुधा एक स्वार शेवटच्या काही फेऱ्यांपूर्वी अंगातील सर्व बळ खर्चून लांब पाळी ओढतो आणि मग बाजूस सरून मार्ग सोडतो. त्याचे नाव विजयी संघात राहते, पण अंतिम रेषा तो संघाबरोबर ओलांडीत नाही. तेथून पुढे मात्र तिघांपैकी एकालाही दम टाकण्याची मुभा नाही.

टोकियोत ब्रिटनचे असेच झाले. डेन्मार्कविरुद्धच्या फेरीत त्यांचा तिसरा स्वार आपल्या दोन साथीदारांपासून तुटला. मागून येणारा डेन्मार्कचा पुढारी फ्रेडरिक मॅडसेन रोध कमी करण्यासाठी मान खाली घालून चालला होता. समोर कोणी आहे हे त्याला दिसलेच नाही आणि तो त्या स्वारावर आदळला. दोघे पडले. डेन्मार्कने प्रतिस्पर्ध्यास गाठले होते असा निर्णय बऱ्याच विचारविनिमयानंतर पंचांनी दिला. हवेसाठी घेतलेली बैठक आणि डोळ्यांसाठी घ्यावयाची बैठक या दोहोंचा मेळ अजून कोणत्याही संघाला पूर्णपणे घालता आलेला नाही.

याहून जुनी एक हकीकत १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधील आहे. अंतिम फेरीत पश्चिम जर्मनीचा संघ डेन्मार्कच्या आधी पोहोचला. परंतु अखेरच्या फेऱ्यांत एका जर्मन स्वाराचा हात साथीदारास लागला होता. साथीदाराला ढकलणे नियमाविरुद्ध असल्यामुळे सुवर्णपदक डेन्मार्कला देण्यात आले. त्या स्पर्शाने वेळ किती वाचली असेल असा प्रश्न विचारला तर उत्तर ‘नगण्य’ असेच येईल. पॅरिसच्या अंतिम फेरीत तर नियमभंगही नव्हता : अखेरच्या फेरीत ब्रिटनचा एक स्वार सीटवरून घसरला, आणि ऑस्ट्रेलियाशी चाललेली बरोबरीची झुंज तेथेच संपली.

विरळ हवा

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच आहे. तेथील हवा विरळ असल्याने रोध कमी होतो. एडी मर्क्स या बेल्जियन स्वाराने एका तासात अधिकाधिक अंतर तोडण्याचा प्रयत्न १९७२ साली मुद्दाम तेथे जाऊन केला व ४९.४३१ किलोमीटरांचा उच्चांक केला. वर उल्लेखिलेली लॅम्बीची धावही मेक्सिकोतीलच, अग्वास्कालिएंतेस या उंचावरील गावातली आहे.

हेब्बाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. मुंबईच्या हवेशी तुलना करता तेथील हवेची घनता शेकडा ९ च्या आसपास कमी भरते. शक्ती तीच राहिली तर वेग घनमूळाच्या हिशेबाने, म्हणजे शेकडा ३ हून थोडा अधिक, वाढावा. ३ मिनिटे ४० सेकंदांच्या शर्यतीत ही सात सेकंदे होतात. परंतु शरीर हे यंत्र नव्हे. विरळ हवेत प्राणवायूही कमी, आणि जवळजवळ चार मिनिटे चालणाऱ्या या श्रमात लागणारी बरीचशी ऊर्जा प्राणवायूवरच अवलंबून असते; तो अपुरा पडला की स्नायूंत दुग्धाम्ल साचते व पाय जड होतात. तरीही ९०० मीटरांवर शरीराचा तोटा हवेच्या लाभापेक्षा लहान राहतो. सात नाही तरी तीन-चार सेकंदे पदरात पडावीत. बंदिस्त क्रीडागृहांत हवा मुद्दाम गरम ठेवतात तीही याच हेतूने. तपमान तीन अंश सेल्सिअसने वाढले की घनता शेकडा एक भागाने उतरते.

भारतीय स्वार

या शर्यतीशी भारताचा परिचय नवा नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय सायकल-पथकात मुंबईच्या पारशी तरुणांचा मोठा भरणा होता. धावमार्गावरच्या शर्यती तेव्हा हर्न हिल येथे झाल्या. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा सांघिक पाठलागात जपानच्या मागोमाग भारताने रौप्यपदक मिळविले. त्यानंतरचा इतिहास मात्र थोडक्यात संपतो. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी लाकडी, आच्छादित २५० मीटरांचा मार्ग तयार झाला व तेथे सांघिक पाठलागाचे सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाने नेले. महाराष्ट्रात पुण्याजवळ बालेवाडी येथे, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभारलेल्या क्रीडानगरीतही सायकल-धावमार्ग आहे.

कर्नाटकातील सायकलस्वारांचे माहेर बंगळूर नसून महाराष्ट्राच्या सीमेलगतचा विजापूर-बागलकोटचा मुलूख आहे. तेथे शासनाची सायकलिंगची क्रीडा-वसतिगृहे आहेत आणि शेतकरी घरांतील मुले तेथे लहान वयात दाखल होतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धांसाठी निवडलेल्या भारतीय सायकलपटूंत या भागातील वेंकप्पा केंगलगुत्ती हा होता. (बर्मिंगहॅममध्ये योग्य मार्ग नसल्याने या शर्यती लंडनमध्ये घेण्यात आल्या; यजमान शहरांनाही ही सोय सहजी परवडत नाही.) त्या वेळी भारतीय चौघांना पदक मिळाले नाही.

रस्त्यावर घडलेल्या स्वारास पायात बळ, फुप्फुसात दम आणि रांगेत चालण्याची सवय या गोष्टी मिळतात. वीतभर अंतरावर, ब्रेकशिवाय, ४३ अंशांच्या उतारावरून वर चढून पुन्हा नेमक्या चाकामागे उतरणे ही गोष्ट रस्त्यावर शिकता येत नाही. त्यासाठी लाकडी वळण लागते आणि तेच चार स्वार महिनोन्‌महिने एकत्र लागतात. विजापूरहून दिल्लीचा तो मार्ग दीड हजार किलोमीटरांहून दूर आहे.